शेजारचे आकडे

रेवतीबाई कर्णिकांची जागी राहायची मुदत उद्या संपत होती, आणि त्यांचे यजमान अजून झोपलेलेच होते. सकाळपासून त्या निद्रालयाच्या गणितज्ञ डॉक्टर तांबोळींपुढे ठाण मांडून बसल्या होत्या.

"अहो, मागच्या खेपेला चौतिसाव्या दिवशी उठले होते हे! सहा दिवस मिळाले आम्हाला. या वेळी काय झालं?"

झालं काहीच नव्हतं. सगळ्यांना एकदम पुरेल इतकं अन्न पृथ्वीवर उरलं नव्हतं, म्हणून माणसं पाळीपाळीनं जगत. चाळीस दिवस जागं राहायचं, मग पाळी पुन्हा येईपर्यंत शीतनिद्रा. म्हणजे शरीर गार करून घेतलेली लांब झोप. तिच्यात वय वाढत नाही. आता पाच हजार आणि दहा हजार दिवसांच्या पाळ्या दिल्या, तर दोन्ही पाळ्यांची गर्दी पुन्हापुन्हा एकाच वेळी जेवायला बसणार. म्हणून प्रत्येक पाळीचा आकडा मूळ संख्या असे, एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग न जाणारी. अशा दोन वेगळ्या पाळ्या त्यांच्या गुणाकाराइतके दिवस उलटल्याशिवाय एका दिवशी येत नाहीत.

रेवतीबाईंची पाळी ९९७३ दिवसांची, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षांची. तिथे एकच जागा उरली होती, म्हणून श्रीनिवासरावांनी लगेच पुढची मूळ संख्या घेतली होती, १०००७. नाटकाची शेजारशेजारची तिकिटं मिळावीत तसे दोघं खूश झाले होते.

"फरक चौतीसच दिवसांचा ना?" रेवतीबाई म्हणाल्या.

"दर खेपेला चौतीस, बाई. मागे चौतीस, आता अडुसष्ट, पुढे एकशे दोन. एका दिवशी उठायचं तर पावणेतीन लाख वर्षं."

"अगं आई गं! आणि नुसती भेट?"

"आठ हजार वर्षांनी एकोणतीस दिवस मिळतील. तोवर चाळीस-चाळीस दिवस जागून तुम्ही ऐंशीच्या झालेल्या असाल."

रेवतीबाई अठ्ठेचाळीसच्या होत्या. त्यांना नवरा हवा होता, आत्ता, समोर, चहात साखर कमी म्हणून कुरकुरणारा. त्या ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "तुम्ही कशा कायम जाग्या?"

"मी जागल्या." झोपलेल्यांच्या पेट्या सांभाळायला कायम जागं राहणाऱ्यांना जागले म्हणत. "एक जागा रिकामी आहे. पण नीट विचार करा. एकदा जागल्या झालात की पेटी दुसऱ्याला जाते, कायमची."

विचार कसला करायचा! रेवतीबाईंनी तिथेच सही केली.

अठ्ठावीस दिवसांनी श्रीनिवासराव उठले, तेव्हा बायको उशाशी बसलेली.

"बघ! म्हटलं नव्हतं, शेजारचे आकडे घेऊ?"

"तुमचं आपलं काहीतरीच," त्या म्हणाल्या. मुदत वाढवून मिळाली, एवढंच त्यांनी सांगितलं. खरं कळलं असतं तर तेही झोपले नसते, आणि दुसरी जागा नव्हती.

चाळीस दिवस दोघं खूप भांडले, खूप हसले. शेवटच्या दिवशी पेटी रेवतीबाईंनीच तयार केली.

"आता तूही झोप लवकर," ते जांभई देत म्हणाले. "उठलो की पाहिजेस मला. आणि ऐक, अशीच राहा हं, अगदी अशीच."

"हो," असं म्हणून पुढच्या खेपेला पंच्याहत्तराव्या वर्षी नवऱ्याला भेटणाऱ्या रेवतीबाईंनी झाकण लावलं.