चार नंबरच्या टेबलावरचं शोधवाक्य

"एजे, तुमच्या या यंत्रात एक घोडा शोधला, तर साडेचार हजार निघाले!"

"एजे? ताई कुणाला म्हणता? तुमच्यापेक्षा लहानच असेन मी," असं म्हणत मी मान वर केली... आणि पुढचं बोलणं विसरलेच. बाहेर बिश्केकभर लायलॅक फुललेला, आणि ग्रंथालयात माझ्या काउंटरपुढे हा तालाय. दूर डोंगरातल्या नारीन गावचा, घोड्यांचा डॉक्टर. जुन्या औषधोपचारांवरचं एक पुस्तक हवं होतं त्याला.

मी त्याला शोधवाक्य लिहायला शिकवलं. लेखक वेगळा, विषय वेगळा, साल इथपासून तिथपर्यंत, भाषांतरं वगळून. तो कंस उघडायचा आणि मिटायला विसरायचा.

"कळप आत घेतला नि फाटक सताड उघडं?"

"तुम्ही आहात ना लावून घ्यायला!"

काय ही जीभ! पण दर मंगळवारी मी दाराकडे बघत बसायची, हे खरं.

तिसऱ्या आठवड्यात घरी ठरलं — शनिवारी पाहुणे येणार, माझ्या कानात त्यांचे झुमके घालणार. झुमके चढले की मुलगी त्या घरची. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मंगळवारी सकाळी वाचकांच्या शोधांची नोंद चाळत होते. ते माझं नेहमीचं काम. चार नंबरच्या टेबलावरचं एक वाक्य दिसलं आणि मी बघतच राहिले. इतकं सुबक! कंसात कंस, एक शब्द जास्तीचा नाही. तांदळातून खडा वेचावा तसं साडेचार हजारांतून नेमकं एक पुस्तक. इथल्या सहा वर्षांच्या नोकरीत मला असं जमलं नव्हतं. तारीख पाहिली. तालाय पहिल्यांदा आला तो दिवस, आणि त्या टेबलावर तोच बसला होता.

तो आला तशी मी म्हटलं, "पुस्तक पहिल्याच दिवशी सापडलं होतं तुम्हाला!"

तो लालबुंद झाला. "हो... सापडलं होतं."

"मग तीन आठवडे मला का छळलंत?"

"पुस्तक घेतलं असतं, तर परत कशाला आलो असतो?"

मला हसू फुटलं, आणि डोळेही भरले. "शनिवारी माझ्या कानात दुसऱ्यांचे झुमके चढतायत, डॉक्टर."

तो काउंटरवर वाकला. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला हवेत ते?"

"नाही."

"मग... माझी आई शुक्रवारीच झुमके घेऊन आली तर?"

किती आवडला मला तो त्या क्षणी!

"शुक्रवार कशाला? बाबांशी मी आजच बोलते. आईंना सांगा, उद्या पहाटेचीच गाडी धरा."