पुढे ये

दुपारी अडीचच्या सुमारास ताई थिएटरच्या लाइट केबिनमध्ये अडकली. बाहेर लख्ख ऊन होतं.

घटना खरी आहे. ताई म्हणजे माझी मावसबहीण. नाटकांची प्रकाशयोजना करते. तिनं सांगितलं त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

परदेशातल्या एका शहरात दुसऱ्या दिवशी त्यांच्या नाटकाचा प्रयोग होता. मंडळी शहर बघायला निघाली.

"तू इथे दिवे लाव, आम्ही गावात लावून येतो," दिग्दर्शक दारातून ओरडला.

"तासाभरात येतेच. मला सोडून नदीवर गेलात तर याद राखा!"

ताईनं केबिनचं दार ओढून घेतलं. केबिन शेवटच्या रांगेच्या मागे. समोर मोठी काच, दार एकच. ओढलं की कुलूप बसायचं, आतून उघडायचं नाही. किल्ली तिथल्या तंत्रज्ञाकडे. तो ताडमाड उंच, म्हणून मंडळी त्याला लंबू म्हणायची.

प्रकाश जुळवताना नटाच्या जागी कुणीतरी उभं राहतं. माइकवरून सांगितलं, की त्यानं सरकायचं. 'थांब' म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

त्या दिवशी लंबू उभा होता. बाकी सगळा अंधार.

"डावीकडे... जरा मागे... थांब."

काम झकास चाललं होतं. फक्त...

चेहरा उजेडात येईना.

तिनं दिवा वळवला. प्रखर केला. खांदे दिसले, हात दिसले. चेहऱ्याच्या जागी काळोख.

"पुढे ये," ती म्हणाली. "अजून ये."

तेवढ्यात मोबाइल वाजला.

लंबू होता. त्याचं तोडकंमोडकं इंग्रजी. "कुठे आहेस? मी कोपऱ्यावर जेवतोय."

"जेवतोयस? मग स्टेजवर कोण उभंय?"

"कुणी नाही. तू केबिनमध्ये जायच्या आधीच मी सांगून निघालो. तू मान हलवलीस. मला वाटलं, तूही निघालीस."

ताईनं समोरच्या माइककडे बघितलं.

कामाच्या नादात ती इतका वेळ मराठीत बोलत होती. लंबूला मराठीचा एक शब्द कळत नव्हता.

आणि समोरचा माणूस बरोबर सरकत होता.

तिनं सगळे दिवे लावले. रंगमंच रिकामा.

"आधी येऊन दार उघड," ती कशीबशी म्हणाली.

आणि मग...

खट्.

पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीची बैठक दबली. सुटली. मिटली.

खट्. दुसरी रांग.

मधल्या वाटेनं नाही. सरळ, खुर्च्यांवरून. तिच्याकडे.

भर उजेडात. दिसत कुणीच नव्हतं.

ताईनं दारावर धडका दिल्या. दार ढिम्म. खट्... खट्...

'थांब' म्हणायचं राहिलं होतं.

तिनं माइक ओढला. शेवटची रांग... खट्.

"थांब!"

खट्खट् थांबली.

बैठक दबलेलीच राहिली. काचेचा एक भाग काळा पडला. चेहऱ्याएवढा. दिव्यांचा उजेड तेवढ्याच जागी आत येत नव्हता.

ताई भिंतीला चिकटून उभी राहिली. 'मागे जा' म्हणायचाही धीर झाला नाही.

लंबूनं दार उघडलं तेव्हा काच स्वच्छ होती. मी त्याच्याशीही फोनवर बोललो. तो म्हणतो, दाराजवळ जायला कुणाला तरी बाजूला सारावं लागलं. तिथे कुणी नव्हतं.

प्रयोग झाला. ताईनं दिवे केबिनऐवजी विंगेतून सांभाळले. नदी बघितली नाही.

गेल्या आठवड्यात लंबूचा मेसेज आला. शेवटच्या रांगेतली ती बैठक मिटत नाही. स्प्रिंग बदलली. खुर्चीही बदलली. तरी दबलेलीच. "तुमच्या भाषेत त्याला जायला सांग. आवाज पाठव, मी माइकवर लावतो."

ताईनं आवाज रेकॉर्ड केला. पाठवला मात्र नाही.

"पाठवून टाक ना, सुटशील एकदाची," मी म्हणालो.

"'जा' म्हटल्यावर तो कुठे जाईल, ते तू सांग. मग पाठवते."

आज सकाळपर्यंत तरी तो आवाज तिच्या मोबाइलमध्येच होता.