सात तारखेचा भरणा

मेलेला माणूस कर्जाचे हप्ते भरतो आहे, असं मिनलने आजवर कुणाच्या कागदावर पाहिलं नव्हतं.

तिने रिपोर्ट पुन्हा वर सरकवला. कर्जदार, ज्योतीराम. सहकर्जदार, विजयश्री. खातं बुडीत. शेवटचा भरणा, गेल्या महिन्याची सात तारीख.

"तुमचे मिस्टर कधी गेले म्हणालात?"

"येत्या श्रावणात चार वर्षं होतील."

"मग हे पैसे कोण भरतंय, ताई?"

टेबलामागे दोन खुर्च्या जोडून मिनलचं दहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं, विजयश्री त्याच्याकडे बघत राहिली. भोसरीतल्या झेरॉक्सच्या दुकानामागची ही अर्धी खोली. बाहेर पाटी होती: ‘सिबिल दुरुस्ती, जुनी कर्जं, एनओसी’. बाळ झोपेल तेवढाच मिनलचा धंदा चाले. लग्नाआधी तीन वर्षं ती वसुलीच्या कॉल सेंटरला होती. ‘ते वारले’ असं कुणी म्हणालं की ‘सगळे असंच सांगतात’ म्हणून दमात घ्यायची. त्यातले किती खरंच वारले होते, कुणास ठाऊक. जुनं खातं उघडलं की तिला अजून आपलाच तो आवाज ऐकू येई.

विजयश्रीने मोबाइल पुढे केला. ‘प्रिय ज्योतीराम, आपला भरणा जमा झाला. धन्यवाद.’ दर महिन्याला एक मेसेज. पहिला अडीच वर्षांपूर्वीचा.

"कुणाला बोलले नाही," ती म्हणाली. "सासूबाईंना तेवढं दाखवलं. त्या म्हणाल्या, जीव अडकलाय त्याचा, फिटल्याशिवाय जायचा नाही. तेव्हापासून सात तारखेला दाराला कडी घालत नाही मी. मेसेज येईस्तोवर."

दुपारचे बारा वाजले होते, पंखा गरम वारा फेकत होता, तरी मिनलच्या अंगावर काटा आला.

विजयश्रीची नड साधी होती. दिघीतली भाड्याची खोली सोडून चऱ्होलीत वन आरके घ्यायचा होता. चार वर्षं पॅकिंग लाइनला उभी राहून तिने बुकिंगचे पैसे जमवले होते. गृहकर्जाला बँक तयार होती, पण मृत माणसाच्या नावाने कोण पैसे भरतंय याचा लेखी खुलासा आणा, असा साहेबांचा आग्रह होता. शनिवारपर्यंत बँकेचं पत्र आलं नाही, तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार आणि बुकिंगमधले निम्मे पैसे कापले जाणार. आज मंगळवार.

"आणि एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका," मिनल म्हणाली. "हा जो कोणी आहे ना, तो तुमचं भलं करत नाहीये. खातं निपचित पडलं असतं, तर जुनं म्हणून बँकेने कानाडोळा केला असता. हा दर महिन्याला त्याला हलवून जागं करतोय."

विजयश्रीने फाइल सोडली. त्यात कंपनीचं पत्र होतं: ‘सदर कामगार दुपारी ३.०४ वाजता पंच करून बाहेर पडला. त्यानंतर रस्त्यात दुचाकीवरून पडून मृत्यू. कंपनीचा संबंध नाही.’ पत्राखाली विजयश्रीच्या मोबाइलच्या पडद्याचा छापील फोटो होता. ज्योतीरामचा शेवटचा फोन, दुपारी दोन वीस.

"काय म्हणाले होते?"

"डोकं दुखतंय, येतोय घरी. एवढंच."

मिनलने दोन्ही कागदांची झेरॉक्स काढून घेतली.

*

कर्ज दिलेल्या फायनान्सचं वसुलीचं काउंटर दोन चौक पलीकडे होतं. विजयश्री सहकर्जदार, त्यामुळे तिथल्या बाईंनी कुरकुरत का होईना, पावत्यांच्या प्रती दिल्या. सत्तावीस निघाल्या. मागच्या वर्षीच्या मे आणि जूनच्या नव्हत्या.

"कोण येतं हो भरायला?"

"बंद व्हायच्या टायमाला येतं कुणीतरी. तोंडाला रुमाल. या धुळीत सगळेच बांधतात, ताई."

अक्षर एकच, गोल, सुबक. नाव, ज्योतीराम. कर्ज खाते क्रमांक बरोबर. ‘ग्राहक क्रमांक’ या रकान्यात दर वेळी ४४१७. आणि तारखेपुढे बहुतेक पावत्यांवर इंग्रजी जी हे अक्षर, बारीक, सवयीने काढलेलं.

"चव्वेचाळीस सतरा म्हणजे काय?" मिनलने विचारलं. "फोनचे आकडे? गाडीचे?"

"काहीच नाही त्यातलं," विजयश्री म्हणाली.

संध्याकाळी मिनल दिघीला गेली. विजयश्रीच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ द्राक्षाच्या पिशवीसह बसले होते. रंगराव. ज्योतीरामच्या गावचे, त्याच्याच कंपनीत टाइम ऑफिसला, हजेरीच्या कामावर. ज्योतीरामला त्यांनीच कंपनीत चिकटवलं होतं, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणत. मिनल कशाच्या शोधात आहे, ते विजयश्रीने त्यांना सांगून टाकलं होतं.

"चार महिन्यांत रिटायर होतोय बघा," ते म्हणाले. "मग हाय की मी, ह्या पोरीकडं बघायला."

"मामांनी लई केलं," विजयश्री म्हणाली. "वसुलीवाले दाराला नोटीस चिकटवून गेले होते, सगळी चाळ बघत होती. मामांनीच ती काढून नेली. म्हणाले, फाडून टाकतो."

"कर्म आपलं," रंगराव म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात कावीळ झाली मला. दोन महिने गावाकडं अंथरुणाला होतो. ही लेक रोज फोन करायची. सख्खी करत न्हाई एवढं." मग त्यांनी मिनलकडे पाहिलं. "ताई, कोण भरतंय ते शोधून काय करायचं? भरतोय तर भरू द्या की."

"बँक विचारतेय, मामा."

"बँकेला काय कळतंय," असं म्हणत ते द्राक्षं धुवायला उठले.

*

बुधवारी मिनलने विजयश्रीच्या दिराला गाठलं. नवनाथ, मोशीला टेम्पो चालवणारा. बाळ कडेवर होतं, ते त्याच्या हॉर्नकडे झेपावत होतं.

"भावाचं कर्ज तुम्ही भरताय?"

"मी?" नवनाथ हसला. "मॅडम, माझेच दोन हप्ते तुंबलेत. भरलं असतं तर आधी गावभर सांगितलं असतं."

"त्यांची गाडी तुम्ही विकली म्हणे."

"विकली. पैसे वहिनीच्या हातात दिले, विचारा. आणि किंमतही बरी आली. ओरखडा नव्हता गाडीला. हेल्मेटलासुद्धा."

"पडली नव्हती गाडी?"

नवनाथचं हसू मावळलं. "साइड स्टँडवर होती. दादा बाजूला बाभळीखाली. झोपल्यासारखा. डोक्याला मार होता. पोलीस म्हणाले पडला, कंपनी म्हणाली पडला. आपण कोण, राव?"

"चव्वेचाळीस सतरा हा आकडा ओळखीचा वाटतो?"

"लॉटरी लागली का कुणाला?"

तिथून मिनल चाकणला, ज्योतीरामच्या कंपनीपाशी. पहिली पाळी सुटली होती. चहाच्या टपरीवर शेखर भेटला, ज्योतीरामच्या शेजारच्या प्रेस मशीनवरचा. आकडा कानावर पडताच त्याने ग्लास खाली ठेवला.

"ज्योतीचा टोकन नंबर आहे तो. कुणी सांगितला तुम्हाला?"

"वहिनींना माहीत नव्हता."

"घरी कोण सांगतंय? कंपनीत मात्र नावाआधी नंबर. कोरोनात अंगठ्याचं मशीन बंद होतं ना, आकडे दाबूनच हजेरी लागायची. कुणी चहात अडकला तर आम्ही एकमेकांचं दाबायचो."

"त्या दिवशी तुम्ही दाबलं?"

"नाही."

"नक्की?"

"बाळाकडे बघून सांगतो, नाही. दोन वाजता मला साहेबांनी दुसऱ्या शेडला पाठवलं. परत आलो तर ज्योती जागेवर नव्हता. प्रेसखाली पाणी मारून पुसलेलं. मी विचारलं नाही." त्याने ग्लास बाजूला सारला. "गेटवर बोर्ड असतो, अपघाताशिवाय किती दिवस गेले त्याचा. त्या दिवशी नऊशे अठ्ठ्याण्णव होते. हजारला मोठे लोक येणार होते, प्रत्येकाला मिक्सर मिळणार होता."

"मिळाला?"

"मिळाला. बायकोला वापरू दिला नाही मी अजून."

"फोन आत नेता येतो का हो?"

"नाही ना. गेटवर जमा. बाहेर पडतानाच हातात."

"ज्योतीराम यांच्यावर कर्ज होतं?"

"कर्ज?" शेखर खराखुरा गोंधळला. "मला उसने पैसे द्यायचा तो."

त्या संध्याकाळी मिनल भाकरी थापत होती आणि नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या आठवड्याच्या पाळ्या पेन्सिलीने लिहीत होता. सिद्धेशही चाकणलाच एका कंपनीत होता. ए, ए, ए. मग बी. मग तीन दिवस वेगळंच अक्षर.

"हे काय?" तिने विचारलं.

"ट्रेनिंग आहे. तीन दिवस साहेब लोकांसारखं, नऊ ते साडेपाच."

तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मिनल त्या अक्षराकडे बघत होती.

*

गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. दुपारी दिघीच्या खोलीत विजयश्री, नवनाथ, शेखर आणि रंगराव मामा बसले होते. विजयश्रीची मुलगी शेजारी मिनलच्या बाळाला खेळवत होती; भिंतीपलीकडून खुळखुळा ऐकू येत होता.

"पैसे भरणारा या खोलीत आहे," मिनल म्हणाली. "तो पावतीवर चव्वेचाळीस सतरा लिहितो. ज्योतीरामच्या नावापुढे हा आकडा त्याच्या हातून आपोआप उमटतो. म्हणजे तो कंपनीतला. नवनाथभाऊंना हा आकडा लॉटरीचा वाटला."

"खरंच वाटला," नवनाथ पुटपुटला.

"राहिले दोघं. कर्ज आहे हेच शेखरभाऊंना माहीत नव्हतं. खाते क्रमांक ज्या नोटिशीवर होता, ती दारावरून एकाच माणसाने नेली. फाडतो म्हणून. मागच्या मे-जूनमध्ये भरणा झाला नाही. त्या दोन महिन्यांत एकच माणूस गावाला अंथरुणावर होता. आणि पावतीवर तारखेपुढे जी आहे. जी म्हणजे जनरल शिफ्ट. प्रेसवरचे लोक ए, बी, सी करतात. ऑफिसमधला माणूस जनरलला असतो. आणि दर तारखेपुढे पाळी लिहायची सवय हजेरीचं रजिस्टर भरणाऱ्यालाच असते."

कुणी मान वळवली नाही. तरी सगळे रंगरावांकडेच बघत होते.

"मामांनी भरले?" विजयश्रीच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेडच आला. "मग सांगायचं ना, मामा. मी पाया पडले असते."

"म्हणूनच सांगितलं नाही," मिनल म्हणाली. तिला पुढचं बोलवेना, पण थांबताही येईना. "ताई, त्यांचा फोन दोन वीसला आला. फोन गेटबाहेर पडल्यावरच हातात येतो. म्हणजे दोन वीसला ते बाहेर होते. मग तीन वाजून चार मिनिटांनी त्यांची हजेरी कुणी दाबली? गाडीला ओरखडा नाही. म्हणजे ते गाडीवरून पडले नाहीत. मार आधीच लागला होता, आत. चक्कर आली म्हणून त्यांनी शहाण्यासारखी गाडी स्टँडला लावली आणि झाडाखाली बसले. कामावरचा अपघात लिहिला गेला असता तर विम्याची पेन्शन मिळाली असती. हे कर्ज बुडालंच नसतं."

पलीकडे खुळखुळा थांबला होता.

"स्क्रॅप अडकलं होतं प्रेसवर," रंगराव म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच जणू. "तो चढला. पडला तो डोक्यावरच. पण उठला. पाणी पिला. म्हणाला, मामा, ठीक हाय मी. साहेब म्हणाले, रजिस्टरला घेऊ नका, परवा हजार दिवस व्हत्यात, घरी पाठवा, शिफ्ट सुटल्यावर पंच मारा. मीच गेटबाहेर काढला त्याला. हेल्मेट मीच घातलं. चार आकडे दाबले, पोरी. चारच. रोज दोनदा ते मशीन दिसतं मला. रोज वाटतं, तो मागं उभा हाय, आपला नंबर लागायची वाट बघत."

विजयश्री उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"गेटपासून दवाखाना किती लांब होता, मामा?"

रंगरावांनी मान खाली घातली. "समोर."

नवनाथ उठला, तशी विजयश्रीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बसला.

रंगरावांनी खिशातून पाकीट काढलं. "उद्याच्या सात तारखेचे हायत. उरलेलं सगळंच भरतो, पोरी. एकदम."

"नको. उरलेलं मी भरीन. माझ्या माणसाचं आहे ते." ती मिनलकडे वळली. "बँकेला काय लागतं?"

"कोण भरत होतं आणि का, हे त्यांच्या हाताने लिहिलेलं. उरलेली रक्कम उद्या भरली की काउंटर नो-ड्यूजचा दाखला देईल. शनिवारच्या आत होईल." मिनल रंगरावांकडे वळली. "आणि तोच जबाब पुढे पोलिसात आणि कामगार ऑफिसातही जाईल. मामा, तुमच्या रिटायरमेंटचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"द्या कागद," रंगराव म्हणाले.

त्यांनी लिहायला घेतलं. पडल्याची वेळ. साहेबांचं नाव. तीन वाजून चार मिनिटं. गोल, सुबक अक्षर ओळीमागून ओळ उतरत गेलं, आणि विजयश्री उभी राहून प्रत्येक शब्द वाचत होती. शेवटी पेन थांबलं.

"इथं मयताशी नातं लिहायचं असतं," ते वर न बघता म्हणाले. "काय लिहू?"

विजयश्रीने दाराची चौकट धरली.

"मामा लिहा," ती म्हणाली. "तो तर मामाच म्हणत होता शेवटपर्यंत."