तुतीचं धनुष्य

सुरतच्या बमरोलीत सोसायटीतलं तुतीचं झाड पाडलं, तेव्हा सोनाली कामावर निघाली होती. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये ती साड्यांची डिझाइनं काढायची. आडव्या पडलेल्या फांद्यांवर काळीजांभळी फळं तशीच लगडलेली... तिला राहवेना. ओढणीत फळं वेचत ती तिथंच बसली.

"बेन, जरा खसजो ने," बुंध्यापलीकडून कुणीतरी म्हणालं. ती जरा बाजूला सरकली.

सावळासा एक तरुण बुंध्याला कान लावून टिचक्या मारत होता.

"येडा शे का हाऊ?" सोनाली अहिराणीत पुटपुटली.

"शे ना थोडासा!" तो हसला. "तुम्हीपण आपल्याकडच्याच का?"

सोनालीचे कान लाल झाले. त्याचं नाव वाल्मिक. गाव नंदुरबारकडचं, काम उधन्याला फर्निचरच्या कारखान्यात.

"या बुंध्याचं काय करणार? पाट?"

"धनुष्य."

गावाकडे शेजारचे सुकलालबाबा बांबूचे तिरकमठे करायचे. लहानपणी त्यांच्या ओट्यावर बसून हा शिकला होता.

"तुतीचं मात्र कुणी केलेलं मी पाहिलं नाही. म्हणून तर करून बघायचंय."

"कुणासाठी?"

"ते ठरलं नाही अजून. पण माप लागतं. ज्याचं धनुष्य, त्याच्या हाताचं."

"मग माझं घ्या," सोनाली म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

तिनं हात पसरले. त्यानं टेप धरली... बोट लागू नये म्हणून केवढा जपत होता! तिला हसू आलं, आणि का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं.

बुंधा उभा चिरून त्याचे दोन भाग झाले. टोकांना मेण लावून ते कारखान्यामागच्या सावलीत वाळत पडले. दर रविवारी सोनाली 'लाकूड बघायला' जाऊ लागली.

"रोज बघितलं तरी लाकूड लवकर वाळत नाही," वाल्मिक म्हणायचा.

"मला कुठं घाई आहे?"

श्रावणात त्यानं पहिला भाग तासायला घेतला. आतलं लाकूड हळदीसारखं पिवळं निघालं आणि उजेडात मधासारखं गडद होत गेलं. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा. तो थोडं तासायचा, थोडं वाकवून बघायचा, जिथं ताठ वाटेल तिथं काचेच्या तुकड्यानं अलगद खरवडायचा. एकदा त्याचा हात तिच्या केसांपर्यंत आला आणि थबकला.

"भुसा अडकलाय..."

"मग काढा ना."

त्यानं काढला. एवढ्याशा भुशाला बराच वेळ लागला.

दोरी चढली त्या दिवशी सोनालीला धीर धरवेना. "हळू—" तो म्हणेपर्यंत तिनं ओढलंच. कडाड्! धनुष्याचे दोन तुकडे झाले. वाल्मिकनं झेप घेऊन तिचे तळवे धरले, उलटसुलट करून पाहिले. "लागलं का? कुठं लागलं?" एवढ्या दिवसांची मेहनत पायाशी पडली होती आणि त्यानं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"तू एवढं जीव लावून केलं होतंस..." तिला रडू फुटलं.

"अजून एक भाग आहे. रडू नकोस." मग हळूच, "आणि आता 'तू'च म्हण."

त्या रात्री सोनालीला झोप लागली नाही.

नवरात्र उलटलं आणि आईनं, पुष्पाबाईंनी, शिरपूरचं स्थळ आणलं. मुलगा बँकेत होता. सोनालीनं वाल्मिकला सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. काहीतरी म्हण... काहीही!

त्याची कानस क्षणभर थांबली. "चांगलं स्थळ आहे," तो म्हणाला.

त्यानंतर ती गेलीच नाही.

धर्मेंद्र, शिरपूरचा मुलगा, बघायला आला. गॅलरीत दोघंच असताना त्यानं विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

सोनाली बोलू लागली. तुतीचं लाकूड, त्याचा बदलणारा रंग, पत्र्यावरचा पाऊस, ओठ दाबून खरवडणारा एक माणूस... भानावर आली तेव्हा धर्मेंद्र मंद हसत होता.

"धनुष्य करणाऱ्याला माहीत आहे का हे?"

सोनालीनं नकारार्थी मान हलवली.

"सांगा त्याला. घरी मी बोलतो. नकार माझ्याकडून जाईल."

पाहुणे गेले आणि ती तडक उधन्याला पोचली. कारखान्यात भिंतीवर दुसरं धनुष्य टांगलेलं होतं. तेल पाजलेलं, दोरी चढवलेलं.

"तयार आहे हे! मग द्यायला का नाही आलास?"

"दिलं असतं तर तुझं येणं कायमचं संपलं असतं. इथं असलं की वाटायचं... न्यायला तरी येशील."

"आणि स्थळ चांगलं आहे म्हणालास ते?"

"मी कारखान्यातला माणूस, सोनाली. तो बँकेतला..."

"मी विचारलं होतं का कोण कुठला ते?" तिनं धनुष्य आणि शेजारचा बाण उतरवला. "चल."

मागच्या मोकळ्या मैदानात त्यानं चिंध्यांनी भरलेलं पोतं उभं केलं. ऊन कलत होतं, कापडाच्या धुळीनं सगळं आभाळ केशरी दिसत होतं. सोनालीनं बाण लावला आणि दोरी ओढली. लाकूड वाकलं... वाकत गेलं... कुठंही कुरकुरलं नाही.

"वा! सोड आता."

"नाही. आधी तू बोल."

"काय?"

"जे मनात आहे ते."

"हात थरथरतोय तुझा!"

"मग लवकर बोल ना!"

"लग्न करशील माझ्याशी?" तो जवळजवळ ओरडलाच.

दोरी सुटली. पोतं जागच्या जागी उभं होतं.

"बाण कुठं गेला?" सोनालीनं विचारलं.

"मी नाही बघितलं," वाल्मिक तिच्याकडे बघत म्हणाला. "आधी उत्तर सांग."

"हो," ती म्हणाली. मग दोघं गवतात बाण शोधू लागली, आणि दोघांनाही तो सापडायची मुळीच घाई नव्हती.