बोगद्यातलं उलटं इंजिन

टायटनवर मिथेनची (गोबरगॅसमधला मुख्य वायू) तळीच्या तळी आहेत. पाऊसही मिथेनचाच पडतो. मग तिथे एक ठिणगी पडली, तर शनीचा तो अख्खा चंद्र भडकून का उठत नाही? पृथ्वीवरून आलेला प्रत्येक पाहुणा हे विचारतो आणि टायटनवर जन्मलेली मुलं कंटाळून तेच उत्तर देतात: जळायला ऑक्सिजन लागतो आणि तो इथल्या हवेत नाही. अकरा वर्षांच्या मैथिलीलाही हे उत्तर तोंडपाठ होतं. पण पाठ असलेलं उत्तर उपयोगी पडायची वेळ त्या दिवशी आली.

वसाहतीपासून बर्फाच्या डोंगरात एक अरुंद बोगदा खोदला जात होता. मैथिलीची आई दोन सोबत्यांना घेऊन बॅटरीवर चालणाऱ्या रुळगाडीने बोगद्याच्या टोकाशी गेली होती. भयंकर थंडीने गाडीची बॅटरी गारठली आणि गाडी जागीच थांबली. तिघांच्या पोशाखांत संध्याकाळपर्यंत पुरेल एवढाच ऑक्सिजन होता. जड पोशाख घालून तो लांबचा चढ-उतार चालत येणं शक्य नव्हतं आणि वसाहतीत दुसरी रुळगाडी नव्हती.

म्हणजे एक होती, पण तिला कोणी गाडी म्हणत नसे. मैथिलीच्या आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, निवृत्तीनंतर हौसेने बनवलेलं ते छोटं, बुटकं इंजिन होतं. वसाहतीतले लोक त्याला तात्यांचं खेळणं म्हणायचे.

"खेळणं तर खेळणं," तात्या म्हणाले. "मैथिली, पोशाख चढव. ब्रेक सांभाळायला माणूस लागेल मला."

त्यांनी आई आणि तिच्या सोबत्यांसाठी ऑक्सिजनची मोठी टाकी मागच्या डब्यात बांधली आणि निघाले. इंजिन धडधडत बोगद्यात शिरलं. त्याच्या नळीतून निघणारी वाफ बाहेर पडताक्षणी गोठून पांढऱ्या भुकटीसारखी रुळांवर पडत होती.

मैथिली ब्रेक घट्ट धरून बसली होती. तिची भीती तात्यांना कळली असावी, कारण ते बोलू लागले. तरुणपणी ते ऑस्ट्रियात, आल्प्सच्या कुशीतल्या येनबाख गावी इंजिनं शिकायला गेले होते.

"त्या गावात काही शतकांपूर्वी चांदी आणि तांबं वितळवायच्या भट्ट्या होत्या. मग लोखंडाचं काम आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर देश पुन्हा उभा करायचा होता, तेव्हा तिथल्या कारखान्याने डिझेल इंजिनं बनवायला घेतली. खाणीत आणि बोगद्यात शिरतील अशी छोटी रेल्वे इंजिनंसुद्धा. आपलं हे त्यांच्याच घराण्यातलं."

"आणि मग?"

"मग गॅसवर चालणारी इंजिनं आली. पुढे रेल्वे इंजिनं बनवणं थांबलं, पण गॅस इंजिनांनी नाव काढलं. ते लोक हट्टी होते बघ. कचऱ्याच्या ढिगातून गॅस निघतोय? त्यावर चालवू. सांडपाण्यातून, कोळशाच्या खाणीतून निघतोय? त्यावरही चालवू. दर वेळी पहिला प्रश्न एकच, तुमच्याकडे आयतं काय आहे?"

तेवढ्यात चढ सुरू झाला. इंजिनाचा आवाज बसला. तात्यांनी उजव्या बाजूची चावी फिरवली. इंजिन खोकलं. त्यांनी चावी आणखी उघडली. इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

"चढाला जोर हवा आणि हे मेलं जीव सोडतंय," तात्या पुटपुटले. आत आई होती, ती त्यांची मुलगी होती.

मैथिली त्या चावीकडे बघत राहिली. "तात्या, ही चावी कसली?"

"मिथेनची. इंधनाची. जोर हवा तर इंधन वाढवायचं."

"पण मिथेन तर बाहेरच्या हवेतूनही आत येतंय. ते इथे आयतंच आहे." ती सावकाश, एकेक पायरी चढावी तशी बोलू लागली. "पृथ्वीवर ऑक्सिजन हवेत फुकट असतो, म्हणून तुम्ही इंधन बरोबर नेता. इथे मिथेन फुकट आणि ऑक्सिजन बरोबर न्यायचा. मिथेन वाढवून काय होणार? ऑक्सिजन तेवढाच राहिला तर ठिणगी पडूनही पेटणार नाही."

तात्यांनी चावीवरचा हात काढला. इंजिनाच्या ऑक्सिजनची चावी त्यांनी स्वतःच बेताची उघडून कायमची आवळून ठेवली होती. त्यांना सगळं ठाऊक होतं, नाहीतर इंजिन बनलंच नसतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पन्नास वर्षांची हाताची सवय वेगळी. घाईच्या वेळी हात पृथ्वीवरच्यासारखाच वागला होता.

त्यांनी पान्हा घेऊन ती चावी सोडवली. इंजिनाने जोर धरला, पण थोडाच वेळ. त्याची स्वतःची ऑक्सिजनची टाकी संपत आली आणि चढ अजून बराच उरला होता.

आता उरली होती फक्त आईसाठी आणलेली टाकी. ती इंजिनाला जोडली तर आईला श्वासासाठी त्यातला किती उरेल, ते सांगता येत नव्हतं. न जोडली तर टाकी इथे आणि आई तिकडे. तात्यांनी रेडिओवर तिला सगळं खरं सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जोडा. इथे बसून श्वास मोजण्यापेक्षा तो तुमच्या इंजिनाने घेतलेला बरा. मैथिली, नळी नीट घट्ट बसव."

मैथिलीला रडू येत होतं. पण पोशाखात डोळे पुसता येत नाहीत आणि रडायला सवडही नव्हती. तिने नळी बसवली, दोनदा ओढून पाहिली. मिथेनची चावी तिने मुद्दाम थोडी मागे फिरवली आणि ऑक्सिजनची पुढे. इंजिन चढाला भिडलं. चढ संपून उतार लागल्यावर तिने ऑक्सिजन लगेच कमी केला, कारण आता त्यातला प्रत्येक श्वास आईचा होता.

बोगद्याच्या टोकाशी तिघंही जण भिंतीला टेकून निपचित बसले होते, हालचाल वाचवत. तात्यांनी टाकीचा काटा पाहिला. टाकीत तिघांना पुरून परतीच्या चढाला होईल एवढा ऑक्सिजन उरला होता, त्याहून जास्त नाही. पोशाखाला टाकीची नळी लागताच आईने पहिला मोठा श्वास घेतला आणि मैथिलीचा हात जो धरला तो निघायची वेळ होईपर्यंत सोडलाच नाही.

बंद पडलेली गाडी मागे जोडून झाली. मैथिली ब्रेकपाशी जाऊ लागली, तर तात्या चालकाच्या जागेवरून उठून उभे राहिले.

"तू बस इथे."

"तात्या, मी?"

"माझा हात पृथ्वीवर शिकलाय. ऐन चढावर तो पुन्हा चुकीच्या चावीकडे जाईल. तुझा हात इथलाच आहे." ते ब्रेकपाशी जाऊन बसले. "आणि हा बोगदा पुढे डोंगरापार जायचाय. त्याला इथलाच चालक लागेल."

मैथिली बसली. समोर परतीचा चढ होता. तिने ऑक्सिजनच्या चावीवर हात ठेवला आणि ती जपून उघडली.