हॉलमधली लाल चौकट

पाहुणे यायला सहा दिवस उरले होते आणि घरातली एक वस्तू धड जागेवर नव्हती. सोफा खिडकीला आडवा, जेवणाचं टेबल दारात, माळ्यावरून काढलेल्या गाद्या सोफ्यावर, आणि या पसाऱ्याच्या मधोमध मोजपट्टी कमरेवर हात ठेवून उभी होती.

मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती ज्या नाट्यगृहात कामाला होती तिथल्या लोकांनी ते ठेवलेलं, आणि पुढे घरचेही चिडवायचं असलं की तेच वापरायचे. दोन प्रवेशांच्या मधल्या अंधारात खुर्ची, पलंग, कपाट इंचभरही न चुकता जागेवर यावं म्हणून रंगमंचावर रंगीत चिकटपट्टीने कोपरे आखून ठेवायचे, हे तिचं बावीस वर्षांचं काम. पांढरी पट्टी म्हणजे शेवटपर्यंत न हलणारी वस्तू. निळी म्हणजे मधे हलवायची. लाल म्हणजे अजून यायची आहे. तोवर त्या जागेत कुणी काही ठेवायचं नाही, पायसुद्धा टाकायचा नाही. आणि वस्तू आली रे आली की लाल पट्टी काढून टाकायची. घरचेही या शिस्तीत इतके तयार झाले होते की घर आवरायला काढलं की नवरा खाली बघतच चालायचा.

यंदा तर ती घराच्या हात धुऊन मागे लागली होती, कारण सुट्टीला दादा येणार होता. अकरा वर्षांनी. तिने आईला आपल्याकडे राहायला आणलं, तेव्हा दादा दारातूनच म्हणाला होता, "तुझ्या घरात आईला जागा आहे, मला नाही. कळलं मला." त्यानंतर ना फोन, ना निरोप. महिन्यापूर्वी आईनेच त्याला फोन करून सांगितलं की मला तुम्हा सगळ्यांना एका खोलीत बसलेलं बघायचंय. आई ब्याऐंशीची. पुन्हा असा योग येईल न येईल. तेव्हा या घरात आपल्याला जागा नाही, असं दादाला अर्धं मिनिटही वाटता कामा नये, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं.

तिने कागदावर नकाशा काढला, पांढऱ्या-निळ्या खुणा केल्या आणि कामावर गेली. संध्याकाळी परत येऊन बघते तर हॉलच्या बरोब्बर मध्यावर चार लाल कोपरे आखलेले.

"अहो, हा काय चावटपणा आहे?"

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि स्वतःचा चष्मा त्याला रोज शोधावा लागे. तो कपाळावरून डोळ्यांवर घेत त्याने जमिनीकडे पाहिलं. "मला वाटलं तूच केलंस."

"लाल पट्टी घरात आहे का मुळात?"

"ते मला काय माहीत? मी तर सकाळपासून वळसा घालून जातोय."

तिने चारही कोपरे खरवडून काढले, त्यांची गोळी करून कचऱ्यात टाकली आणि तिथे मधलं टेबल आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टेबल भिंतीला लागलेलं होतं आणि लाल कोपरे परत जागेवर होते. आता मात्र तिचं डोकं फिरलं. मुलगी, घरातली बारकी, दहावीत असूनही बारकीच, अभ्यासाची वही छातीशी धरून म्हणाली, "टेबल मी सरकवलं गं आई. लाल खूण होती ना तिथे. तूच शिकवलंयस."

"आणि खूण कुणी केली?"

"मी कशाला करू? माझी परीक्षा आहे!"

हे रोजचंच होऊन बसलं. ती काढायची, ते परत यायचे. तिने सतरंजी घातली, तर नवऱ्याने ती गुंडाळून ठेवली. तिने खुर्च्या मांडल्या, तर बारकीने त्या भिंतीशी ओळीने लावल्या. विचारलं की दोघांचं उत्तर तेच: खूण होती. घरातली माणसं ऐकत नाहीत म्हणून बायका कपाळाला हात लावतात. इथे हिचं सगळे तंतोतंत ऐकत होते आणि म्हणून हॉल लागत नव्हता. पाच दिवसांत पडदे धुवायचे, पांघरुणांना ऊन द्यायचं, न्हाणीघराची कडी दुरुस्त करायची, आणि ही मेली चार लाल कोपऱ्यांशी भांडत बसली होती. तिला स्वतःचीच चीड आली.

नाट्यगृहातलं कपाट तिने उघडून पाहिलं. लाल पट्टीचं एकच रीळ शिल्लक होतं, तेही कोरं, वरचा कागद न फाडलेलं.

मग तिने शहाण्यासारखं माप घेतलं. पाच फूट आठ इंच लांब, दोन फूट रुंद. घरात या मापाची एकही वस्तू नव्हती. दुपारी नेपथ्याच्या सुतारकाकांना तिने सहज विचारलं. त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली.

"पाच-आठ बाय दोन? कोण झोपणार आहे त्याच्यावर?"

"कुणी नाही हो. नुसतं माप आहे."

"नुसतं माप कधी असतं का?" असं म्हणून ते रंधा मारायला लागले. पण थोड्या वेळाने हात थांबवून त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, हे तिच्या लक्षात आलं.

घरी येताना आईच्या वयाचा विचार मनात आला आणि ती रस्त्यातच थांबली. मग तिने हिशोब केला. आई जेमतेम पावणेपाच फुटांची, त्यात वाकलेली. हे माप आईचं नव्हेच. तिला इतकं हायसं वाटलं की तिने जिने चढता चढता पडद्यांना कड्या किती लागतील ते मोजून काढलं.

त्या संध्याकाळी आई काठी टेकत हॉलमध्ये आली. चौकटीच्या कडेला थांबली, काठीच्या टोकाने लाल कोपरा चाचपला आणि मान हलवली.

"तोकडी आहे गं."

"काय तोकडी?"

"त्याला पाय पसरायला लागतात."

"कुणाला? आई, कुणाला?"

आई खिडकीशी तिच्या खुर्चीत जाऊन बसली. "मी काही बोलले का?" तिने विचारलं, आणि ती खरंच विचारत होती.

सकाळी मोजपट्टीने पुन्हा टेप लावला. सहा फूट दोन इंच.

तिने पट्ट्या काढायला वाकून हात पुढे केला आणि मागे घेतला. पाहुणे परवावर आले होते. अजून वरच्या खोलीतले खोके तसेच पडले होते. "राहा तिथेच!" ती जमिनीवर ओरडली. बारकीने आतून डोकावून पाहिलं. त्यानंतर मोजपट्टीने नकाशाच बदलला. सोफा मागे, खुर्च्या भिंतीला, मधली जागा मोकळी. आणि गंमत म्हणजे हॉल पहिल्यांदा नीट लागला. घाबरावं की सुटकेचा श्वास टाकावा हे तिला कळेना, म्हणून तिने पडदे लावायला घेतले.

दादा दुपारी तीनला आला.

बेल वाजली तेव्हा तिच्या हाताला साबण होता. ती तशीच दार उघडायला धावली. दारात वहिनी, मागे तिची दोन उंच मुलं, आणि त्यांच्याही मागे केस पांढरे झालेला दादा. आत येताना त्याने दाराच्या चौकटीखाली मान किंचित वाकवली. लहानपणापासूनची सवय. कुठल्याच घराचं दार त्याला कधी पुरलं नाही.

तिने नजरेनेच त्याला डोक्यापासून टाचांपर्यंत मोजलं.

"काय मोजपट्टे," दादा म्हणाला, "ओळख आहे ना?"

तिला रडूच आलं. त्यालाही. मग तो आईच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसला आणि आईने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला, कितीतरी वेळ. अकरा वर्षं जे अडलं होतं ते असं सुटलं.

सगळे बसले. नवरा, बारकी, वहिनी, मुलं, सगळे भिंतीलगतच्या खुर्च्यांवर. वहिनीच्या मुलांना खुणांचं काही ठाऊक नव्हतं, तरी तीही वळसा घालूनच गेली.

दादा मात्र उभा होता. त्याने कमरेवर हात दाबला.

"नऊ तास गाडी चालवली. पाठीची पार लाकडं झाली. जरा टेकतो इथेच."

"दादा, तिथे..."

"काय?"

सगळे तिच्याकडे बघत होते. तिथे नको, एवढंच म्हणायचं होतं. अकरा वर्षांनी घरात पाऊल टाकलेल्या भावाला, त्याच्या बहिणीने, सगळ्यांदेखत. इथे नको.

"काही नाही," ती म्हणाली. "उशी आणते."

"नको गं. फरशी गार आहे, बरं वाटतंय." तो चौकटीच्या आत उताणा पडला आणि पाय पसरले. हात छातीवर ठेवले. मग छताकडे बघत हसला. "बघा, माझ्यासाठी केवढी जागा करून ठेवलीये हिने."

सगळे हसले. ती पाणी आणायला आत गेली. हातावरचा वाळलेला साबण धुतला, एक भांडं भरलं, बाहेर आली. अर्धं मिनिटही गेलं नसेल.

दादाचे डोळे मिटलेले होते.

"कमाल आहे," वहिनी हलक्या आवाजात म्हणाली. "यांना अशी लगेच झोप कधीच लागत नाही."

"दादा?"

"झोपू दे त्याला," खिडकीशी बसलेली आई म्हणाली. ती भिंतीशी बसलेल्या एकेकाकडे बघत होती, जणू सगळे आलेत ना ते पाहत होती.

मोजपट्टी खाली वाकली. दादाच्या डोक्यापाशी पाहिलं, मग टाचांपाशी. कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. फरशी चारही बाजूंनी स्वच्छ होती. लाल पट्टी कुणीतरी काढून टाकली होती.