बरणीवरचा पहारा

रक्तदाबाच्या चार गोळ्या चालू, जेवणात मीठ निम्मं, तरी सानिकाआत्याचा रक्तदाब एकशे ऐंशीच्या खाली येईना. पेठ्यांच्या घरातलं हे कोडं सहा वर्षांचं. उत्तर मात्र सगळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं: आत्या चोरून लोणचं खाते.

तिचे वडील, म्हणजे आबा, यंत्रशास्त्रज्ञ. त्यांनी बरणीतल्या फोडी मोजायला 'टिपणीस' नावाचा यंत्रमानव बनवला. फोडी कमी होईनात, तेव्हा सगळे म्हणाले, बाहेर खात असेल. तिची दहा वर्षांची भाची मनवा तिला 'बरणीवाली' म्हणू लागली. आत्या स्वयंपाकघरात एकटीच जेवू लागली.

एका सकाळी तिचे पाय उचलेनात. इस्पितळात कळलं, रक्तात पोटॅशियम (स्नायूंच्या कामाला लागणारा क्षार) फार कमी आहे. पूर्वी असं झालं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"पाय गळतात, असं त्या सत्तेचाळीस वेळा म्हणाल्या," सोबत आलेला टिपणीस म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस?" आबांनी विचारलं.

"तुम्ही फक्त मिठाचं विचारायचात."

डॉक्टरांनी समजावलेलं आबांनी मनवाला कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक अधिवृक्क ग्रंथी असते. तिचं एक संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) मूत्रपिंडाला सांगतं, मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोड. मिठाबरोबर पाणीही साठतं आणि रक्तदाब चढतो. एरवी हा निरोप मुख्यतः मूत्रपिंडाकडून मागणी आली की निघतो. आत्याच्या रक्तात मागणी जवळजवळ नव्हतीच, निरोप मात्र भरमसाट.

पोटाच्या स्कॅनमध्ये उजव्या ग्रंथीवर गाठ दिसली.

"म्हणजे हीच चोर," मनवा म्हणाली.

"थांब. पुराव्याशिवाय एकदा ठरवलं, तेवढं पुरे," आबा म्हणाले.

काही गाठी नुसत्याच बसून असतात. म्हणून दोन्ही ग्रंथींच्या शिरांमधलं रक्त वेगवेगळं तपासलं. उजवी शांत होती. निरोप डावीकडून येत होते, तिथल्या, स्कॅनमध्ये न दिसलेल्या डाळीएवढ्या गाठीतून. डावी ग्रंथी काढली.

आता एका गोळीवर रक्तदाब एकशे तीस. सहा वर्षांच्या ताणाने जाड झालेलं हृदय मात्र पूर्ववत होईलच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. आबांनी टिपणीसाची जुनी आज्ञा पुसली आणि नवी दिली: सानिका सांगेल ते आधी ऐक.

घरी आल्यावरही आत्या सवयीने ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली. मनवा आपलं ताट घेऊन मागोमाग गेली.

"बरणीवालीकडे काय काम काढलंस?" आत्याने विचारलं.

मनवा ताट धरून उभीच राहिली. आत्याने जराशी सरकून तिच्यासाठी जागा केली.